टिपेच्या अभ्यासात मालक कुठे आहे?

गेल्या मे महिन्यात आई-बाबा इकडे इंडियानाला आले होते. आल्याच्या तिसऱ्या दिवशी हायवेलगतच्या एका डायनरमध्ये जेवायला गेलो. वेट्रेस पन्नाशीची असावी. तिने बाबांचा कप तीन वेळा कॉफीने भरून दिला, आईच्या ऑम्लेटमध्ये मांसाचा तुकडा वगैरे नाही ना ते दोनदा आत जाऊन विचारून आली. बिल आलं ४१ डॉलरचं. मी त्यावर ८ डॉलर टीप लिहिली. बाबांनी मनातल्या मनात रुपये केले असणार, पण तिथे काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर मात्र राहवलं नाही.

"अगं, एवढे?"

म्हटलं, इथे पंधरा ते वीस टक्क्यांची रीतच आहे, त्यांना पगार फार कमी असतो.

"कमी म्हणजे किती?"

"तासाला दोन डॉलर तेरा सेंट."

बाबा बँकेतून निवृत्त झालेत, उमेदीच्या काळात युनियनचं कामही केलंय. ते म्हणाले, "मग मालक कशाचा मालक?"

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. कारण मी याच विषयावर पीएचडी करते आहे, हे चौथं वर्ष चालू आहे, आणि संशोधनाचा पहिला आराखडा लिहिला तेव्हा त्याच्या अठ्ठावीस पानांत हा प्रश्न नव्हता. टीप कोण देतो, किती देतो, का देतो, हे सगळं होतं. मालक नव्हता. मी विसरले म्हणून नव्हे, तर ज्या अभ्यासांच्या आधारावर मी तो लिहिला त्यांतही तो नाही म्हणून. आजचा लेख त्या अभ्यासांबद्दल आहे.

टिपेवरचं संशोधन म्हटलं की पहिलं नाव येतं कॉर्नेल विद्यापीठाच्या हॉटेल स्कूलमधल्या मायकेल लिन यांचं. टिपेच्या मानसशास्त्रावर त्यांच्याइतकं काम बहुधा कुणीच केलेलं नाही, आणि ते मनापासून केलेलं काम आहे. वेटर लोकांनी टीप कशी वाढवावी यावर त्यांनी ‘मेगा टिप्स’ नावाची पुस्तिकाही लिहिली. तिच्यातल्या युक्त्या प्रयोगांतून आलेल्या आहेत. ऑर्डर घेताना टेबलाशी उकिडवं बसून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या पातळीवर या, टीप वाढते (१९९३). बिलासोबत चॉकलेट द्या, टीप वाढते. एक देऊन वळा आणि मग जणू आत्ताच मनात आलं असं दाखवून आणखी एक द्या, अजून वाढते (२००२). आपल्याकडे बिलाबरोबर बडीशेपेची बशी येते त्यामागे असा काही शास्त्रीय विचार असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

लिन यांच्या आधीचा १९८४ चा एक गाजलेला प्रयोग आहे. मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्ड गावात क्रस्को आणि वेट्झेल या दोघांनी तो केला. वेट्रेसने सुटे परत देताना गिऱ्हाइकाच्या तळव्याला किंवा खांद्याला क्षणभर हात लावायचा. टीप वाढली. आणि १९९६ मध्ये रिंड आणि बोर्डिया यांनी फिलाडेल्फियातल्या एका रेस्टॉरंटमध्ये बिलाच्या मागे हसरा चेहरा काढायला लावला. वेट्रेसने काढला तर टीप वाढली, वेटरने काढला तर वाढली नाही. त्या प्रयोगात एकच वेट्रेस होती आणि एकच वेटर. तरीही ‘बायकांनी हसरा चेहरा काढावा, पुरुषांनी काढू नये’ हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचला. दोन माणसांवरून दोन लिंगांबद्दल बोलायची मुभा एमएच्या विद्यार्थ्यालाही कुणी देणार नाही. असो.

या परंपरेने एक फार मोलाची गोष्ट केली, ती आधी सांगते. ‘चांगली सेवा दिली की चांगली टीप मिळते’ या समजाचा पायाच तिने काढून घेतला. लिन यांनी २००१ मध्ये अशा चौदा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. गिऱ्हाइकाने सेवेला दिलेले गुण आणि त्याने ठेवलेली टीप यांचा सहसंबंध सरासरी ०.११ निघाला. सहसंबंधाचा वर्ग केला की एका गोष्टीतल्या चढउतारापैकी किती भाग दुसरीमुळे समजतो ते कळतं. ०.११ चा वर्ग ०.०१२. म्हणजे कुणी जास्त टीप ठेवली, कुणी कमी, यातला फार तर सव्वा टक्का भाग सेवेच्या दर्जाने समजतो. बाकीचा कशाने? बिलाच्या रकमेने, गिऱ्हाइकाच्या सवयीने, आणि कधी कधी देणाऱ्याच्या डोळ्यांना समोर जे दिसतं त्याने. न्यू हेवनमधल्या टॅक्सीचालकांवरचा एअर्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००५ मध्ये ‘येल लॉ जर्नल’मध्ये आला. त्यात कृष्णवर्णीय चालकांना गोऱ्या चालकांपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी टीप मिळत होती, आणि कमी देणाऱ्यांत कृष्णवर्णीय प्रवासीही होते.

इथवर सगळं पटतं. माझी तक्रार पुढे सुरू होते.

या प्रयोगांची माहितीची फाइल उघडून पाहा. बहुतेकांत प्रत्येक ओळ म्हणजे एक टेबल. रकाने असे: बिल किती, टीप किती, माणसं किती, चॉकलेट दिलं की नाही, हात लावला की नाही. आता या फाइलमध्ये मालक तासाला किती देतो हा रकाना घालून पाहू. प्रयोग एकाच रेस्टॉरंटमधला असेल तर प्रत्येक ओळीत एकच आकडा येणार: २.१३, २.१३, २.१३. जी गोष्ट बदलतच नाही, ती संख्याशास्त्राच्या दृष्टीने कशाचंही कारण ठरू शकत नाही. समीकरणातून ती आपोआप गळते. मालकाला कुणी मुद्दाम लपवलं नाही. अभ्यासाची ओळ टेबलाएवढी ठेवली की तो भिंतीसारखा होतो, सगळीकडे आहे म्हणून कुठेच दिसत नाही. आणि मग उरतात दोनच माणसं, देणारा आणि घेणारी. हात लावल्यामुळे टीप वाढली हे छापलं गेलं, पण अनोळखी माणसाला हात लावताना त्या वेट्रेसला काय वाटलं याचाही रकाना नाही. तिच्या वागण्यात काय बदल केला की पैसे वाढतील, एवढंच मोजलं गेलं. त्या मोजमापातून निघणारा सल्ला तिलाच उद्देशून असणार हे ओघानेच आलं: बाई, अजून थोडं हस.

हे हसणं फुकट नसतं, हे अलीकडच्या कामात दिसू लागलंय. कुंड्रो आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की मिळकत टिपेवर अवलंबून असणं आणि नोकरीत हसतमुख राहण्याची सक्ती असणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की गिऱ्हाइकांकडून होणाऱ्या लैंगिक छळाची शक्यता वाढते. १९८४ चा प्रयोग आणि हा अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत, एवढंच म्हणते.

आता तो २.१३ चा आकडा. अमेरिकेत किमान वेतनाचा संघराज्य कायदा १९३८ चा, पण रेस्टॉरंटमधले कामगार त्यात नव्हतेच. १९६६ च्या दुरुस्तीने ते आत आले आणि त्याच दुरुस्तीने मालकांना एक सवलत मिळाली: कामगाराला टीप मिळत असेल तर किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंतची रक्कम त्या टिपेतून वळती करायची. याला इथे ‘टिप क्रेडिट’ म्हणतात. आपल्याकडच्या उदाहरणाने सांगते. दिवाळीला आपण सोसायटीच्या वॉचमनला पोस्त देतो. समजा, घरोघरी मिळालेल्या पोस्तीची बेरीज करून सोसायटीने त्याचा तेवढा पगार कापला, आणि तसं करणं कायदेशीर असलं, तर आपण दिलेली पोस्त नेमकी कुणाला दिली?

१९९१ मध्ये किमान वेतन ४.२५ डॉलर झालं आणि टीपवाल्यांचं २.१३, म्हणजे बरोबर निम्मं. १९९६ मध्ये संसदेने हे नातं तोडलं. किमान वेतन वाढत गेलं, २००९ पासून ते ७.२५ वर आहे. २.१३ तिथेच. म्हणजे १९९१ मध्ये किमान वेतनातला निम्मा वाटा मालकाचा होता, आज तो २९ टक्के आहे. उरलेले ७१ टक्के, तासाला ५.१२ डॉलर, गिऱ्हाइकाने भरायचे. तीसेक वर्षांत हा बोजा एका खांद्यावरून दुसऱ्यावर सरकला तो एक आकडा न बदलल्यामुळे. टक्क्यांची रीत दहावरून पंधरा, पंधरावरून वीस झाली की वर्तमानपत्रांत लेख येतात, लोक चिडतात. न बदललेल्या आकड्यावर कोण चिडणार? बऱ्याच राज्यांनी स्वतःचा दर यापेक्षा वर ठेवलाय, आणि सात राज्यांत (कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा, अलास्का) ही सवलत नाहीच. इंडियानात मात्र आजही २.१३.

"पण टीप कमी पडली तर मालकाला फरक भरावा लागतो ना?" हो, कायदा तसं म्हणतो. हा मुद्दा माझ्या शिक्षकांनीही काढला होता. पण फरक काढायचा तो आठवड्याच्या हिशेबाने. तीस तासांचा आठवडा घ्या. ७.२५ च्या दराने २१७.५० डॉलर व्हायला हवेत. मालकाचे ६३.९०. म्हणजे टिपेतून १५३.६० आले की मालक मोकळा. आता मंगळवारी पाऊस, आठ तासांत टीप मिळाली १२ डॉलर. मालकाचे १७.०४ धरून तासाला साडेतीन डॉलरच्या जरा वर पडले. पण शुक्रवार-शनिवारी मिळून २०० डॉलर टीप आली. आठवड्याची बेरीज १५३.६० च्या पुढे गेली, मालकाला काही भरायचं नाही. तिचा मंगळवार कुणी भरला? शुक्रवारच्या गिऱ्हाइकाने. पाऊस पडला तर धंद्याची जोखीम मालकाची, हा साधा नियमही इथे उलटा होतो. शिवाय त्या मंगळवारी ती बसून नव्हती. काटे-चमचे नॅपकिनमध्ये गुंडाळणं, मिठाच्या बाटल्या भरणं, फरशी पुसणं चालूच होतं, तेही २.१३ नेच. अशा कामाचा वेळ मर्यादित ठेवणारा नियम २०२१ मध्ये केंद्रीय श्रम खात्याने कडक केला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला.

मुलाखती घेताना एका बाईंनी मला पर्समधून पगाराचं पाकीट काढून दाखवलं होतं. आत कागद होता आणि त्यावर हातात येणारी रक्कम ०.००. टिपेवरचा कर मालकाने द्यायच्या पगारातूनच कापतात, तो सगळा त्यातच संपतो. त्या म्हणाल्या की ही पाकिटं त्या आता उघडतही नाहीत. आराखडा मी त्या आठवड्यात पुन्हा लिहायला घेतला.

मालक समीकरणात आणायचा तर ओळ टेबलाची न ठेवता राज्याची किंवा शहराची ठेवावी लागते, कारण तिथे दर बदलतो. हे काम अर्थशास्त्रज्ञांनी केलंय, आणि तिथेही सगळं सुरळीत नाही. ईव्हन आणि मॅकफर्सन (२०१४) यांच्या मते टीपवाल्यांचं किमान वेतन वाढवलं तर मिळकत वाढते पण नोकऱ्या घटतात. अॅलेग्रेटो आणि नॅडलर (२०१५) यांना मिळकत वाढलेली दिसते, नोकऱ्यांत लक्षणीय घट दिसत नाही. भांडण आहे ते कुठल्या राज्याची तुलना कुठल्या राज्याशी करायची यावर. मला या दोन्हींपेक्षा अॅलेग्रेटो आणि राइक यांचा सॅन होजेचा अभ्यास जास्त उपयोगी वाटतो, कारण तो साधा आहे. २०१३ मध्ये त्या शहराने किमान वेतन ८ वरून १० डॉलर केलं, म्हणजे २५ टक्के वाढ. त्यांनी वाढीच्या आधीचे आणि नंतरचे मेनू इंटरनेटवरून गोळा केले. पदार्थांच्या किमती सरासरी १.४५ टक्क्यांनी वाढल्या होत्या. कॅलिफोर्नियात टिप क्रेडिट नाही, त्यामुळे वेटरचा पगारही यात आला. दहा डॉलरच्या बर्गरवर पंधरा सेंट! बाबांना सांगितलं तर म्हणाले, मग एवढं रडगाणं कशाला?

चळवळीच्या बाजूचंही माझं भांडण आहे. टिप क्रेडिट बंद करा म्हणणाऱ्या ‘वन फेअर वेज’ मोहिमेचा चेहरा म्हणजे सरू जयरामन. त्यांची पुस्तकं मी वाचलीत आणि वर्गात शिकवतेही. पण ‘सात राज्यं पाहा, तिथे सगळं बरं आहे’ हा त्यांचा आवडता युक्तिवाद कच्चा आहे. कॅलिफोर्निया आणि इंडियाना यांच्यात टिप क्रेडिटशिवाय शंभर गोष्टी वेगळ्या आहेत. टीप हा गुलामगिरीचा वारसा, हे वाक्यही अर्धंच खरं आहे. प्रथा युरोपातून श्रीमंतांनी आणली. यादवी युद्धानंतर पुलमनसारख्या कंपन्यांनी नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांना तुटपुंज्या पगारावर ठेवून बाकीचं प्रवाशांवर सोडलं. म्हणजे प्रथा आयती मिळाली, तिचा उपयोग मालकांनी करून घेतला. मुळाच्या गोष्टीत रमलं की १९६६ आणि १९९६ मागे पडतात, आणि त्या वेळी तर सगळं उघडपणे कायद्याने केलेलं होतं.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट: ही सवलत जाऊ नये म्हणून खुद्द वेटर लोकच उभे राहिलेत. मेन राज्यात २०१६ मध्ये मतदारांनी टिप क्रेडिट हळूहळू बंद करायचा कौल दिला. २०१७ मध्ये वेटरांच्याच आग्रहावरून विधिमंडळाने तो फिरवला. वॉशिंग्टन डीसीत २०१८ ला कौल मिळाला, चार महिन्यांत नगर परिषदेने रद्द केला. २०२२ ला पुन्हा कौल मिळाला, २०२५ मध्ये परिषदेने त्यालाही कात्री लावली. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२४ ला सुमारे ६४ टक्के मतदारांनीच नाही म्हटलं. ‘त्यांना मालकांनी फितवलं’ म्हणून हे झटकून टाकता येत नाही. शहरातल्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये शनिवारी रात्री काम करणाऱ्याला तासाला मिळणारी टीप किमान वेतनाच्या कितीतरी पट असते. त्याच्यासाठी आठवड्यातले पहिले १५३ डॉलर मालकाला गेले तरी पुढचे सगळे त्याचे. डायनरमधली बाई आणि तो, दोघांनाही कायदा ‘टीप मिळवणारा कामगार’ म्हणतो, आणि जाहीर चर्चेत बोलायला वेळ मिळतो तो बहुतेक त्यालाच.

तिसरा माणूस तर कुणाच्याच हिशेबात नसतो: आतला आचारी आणि भांडी घासणारा. न्यू यॉर्कचे डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांत टीप बंद करून किमती वाढवल्या, त्यामागे हाच मुद्दा होता. बाहेरच्या वेटरची कमाई वाढत होती, आतल्याची अडकली होती, आणि त्या राज्याच्या कायद्याने टीप आत वाटता येत नाही. बरेच वेटर सोडून गेले. २०२० च्या जुलैत टीप परत आली. हा प्रयोग फसला म्हणून टीप अटळ आहे, असं आता सर्रास लिहिलं जातं. मला तो निष्कर्ष मान्य नाही. शेजारचं रेस्टॉरंट टिपेमुळे मेनूवर वीस टक्के कमी किंमत छापू शकत असेल, तर एकट्याने खरी किंमत छापणारा हरणारच. त्यातून सिद्ध होतं ते एवढंच की हे एकट्याने करायचं काम नाही.

जुलै २०२५ च्या कायद्याने टिपेवरच्या प्राप्तिकरात वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतची वजावट दिली, २०२८ पर्यंत. दोन्ही पक्षांना ही कल्पना आवडली होती. ज्यांची कमाई मुळात करपात्रच नाही त्यांना यातून काही मिळत नाही, टीप न मिळणाऱ्या आचाऱ्यालाही नाही. गिऱ्हाईक देत होतंच, आता सरकारही थोडं देणार. २.१३ ला कुणी हात लावला नाही.

भारतात किमान वेतनातून टीप वळती करायची सोय कायद्यात नाही, हे बाबांना सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं. पण आपल्याकडच्या सर्व्हिस चार्जच्या वादाचीही तऱ्हा पाहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तो सक्तीने लावायला मनाई केली, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना म्हणत होत्या की हा पैसा कर्मचाऱ्यांच्या भल्यासाठी आहे. ग्राहकाचा हक्क ठरला, ते योग्यच झालं. वेटरचा पगार किती, हा प्रश्न तिथेही खटल्याचा विषय नव्हता.

माझ्या नव्या प्रश्नावलीत आता ओळ टेबलाची नाही, कामगाराच्या आठवड्याची आहे. प्रत्येक पाळीची टीप वेगळी, बिनटिपेच्या कामाचे तास वेगळे. आणि मॅनेजर लोकांसाठी एक प्रश्न आहे: गेल्या वर्षभरात टीप कमी पडली म्हणून किती आठवडे तुम्ही फरक भरून दिला? फॉर्म पाठवायला सुरुवात केलीय. बाकीचे प्रश्न ते भराभर भरतात, हा बहुतेक जण कोरा सोडतात. एकाने फोन करून विचारलं की असा काही नियम आहे का. मी कलम वाचून दाखवलं, त्याने लिहून घेतलं आणि पुन्हा फोन करतो म्हणाला. त्याला आता तीन आठवडे झाले.